चार पै आणि एक फळा

प्राथमिक शाळेतल्या मास्तरावर नोकरीच्या शेवटच्या दिवशी एक काम हटकून येते. ते म्हणजे 'चार्ज' देणे. हारतुरे नंतर, भाषणे त्याहून नंतर; आधी जडवस्तूंची नोंदवही उघडायची आणि नव्या मुख्याध्यापकापुढे एकेक वस्तू मोजून द्यायची. या नोंदवहीला आमच्या खात्यात सगळे 'डेडस्टॉक' म्हणतात. टेबल एक, खुर्च्या तीन, पृथ्वीचा गोल एक (आस मोडलेला), भिंतीवरचे घड्याळ एक, नकाशे सात, आणि कपाटातला प्रोजेक्टर एक. २०१९ सालच्या मे महिन्यात मी तो काढून टेबलावर ठेवला, तेव्हा नवे मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले, "गुरुजी, अगदी कोरा ठेवलाय हो तुम्ही!"

वाचकहो, ते कौतुक मला चाबकासारखे लागले.

तो प्रोजेक्टर गावाने घेतला होता. निम्मे पैसे ग्रामपंचायतीने दिले आणि उरलेले लोकवर्गणीतून आले. त्या वर्गणीत मोठा वाटा होता बायकांच्या बचतगटाचा. दर दिवाळीला त्या व्याजाची वाटणी करून घेत. कुणाची साडी, कुणाच्या पोराचे कपडे त्यातून होत. २०१६ सालच्या दिवाळीत त्यांनी वाटणी केलीच नाही. सगळी रक्कम रुमालात बांधून माझ्या हाती दिली. आणि मी काय केले? चोरी होईल, दिवा उडेल, तपासणीत विचारतील, या भीतीने तो कपाटात घालून किल्ली जानव्यासारखी जपली. तीन वर्षांत तो मोजून अकरा वेळा बाहेर निघाला, आणि त्यातल्या चार वेळा तर साहेब यायचे होते म्हणून!

निवृत्तीनंतर रिकामपण आले, तसा मी जुनी पुस्तके चाळू लागलो. शाळेत वस्तू येतात त्या कुणाच्या पैशाने, आणि आल्यावर त्या कुणाच्या होतात, एवढेच मला शोधायचे होते. जे हाती लागले ते माझ्या कपाटाच्या किल्लीपेक्षा फार जुने निघाले.

पंतोजींच्या शाळेत सरकारी वस्तू अशी नव्हतीच. लाकडाच्या पाटीवर धूळ पसरायची, तीवर बोटाने वा काडीने अक्षर गिरवायचे आणि हाताने पुसून टाकायचे. धूळपाटी फुटत नाही, जुनी होत नाही, आणि तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. फळा, नकाशा, पृथ्वीचा गोल आणि छापील पुस्तक ही इंग्रजी अमदानीतली नवलाई. आज आपण संगणकाकडे पाहतो, तसे त्या काळी गावकरी फळ्याकडे पाहत असले पाहिजेत.

पण ही नवलाई खेडोपाडी न्यायची, तर पैसा हवा. १८५४ साली वुड साहेबाचा खलिता आला. खाजगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व त्याने रूढ केले. खेड्यांसाठी मात्र मुंबई सरकारने वेगळीच वाट काढली. १८६३ पासून शेतसाऱ्यावर दर रुपयामागे एक आणा उपकर बसू लागला, आणि १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. त्यातले दोन हिस्से रस्ते वगैरे कामांसाठी आणि एक हिस्सा शाळांसाठी. आण्याचे पै बारा. म्हणजे शाळेच्या वाट्याला रुपयामागे चार पै. चोवीस रुपये सारा भरणारा कुणबी दीड रुपया उपकर देई आणि त्यातले आठ आणे शाळेचे होत. ज्याचे पोर गुरांमागे रानात हिंडत होते, तोही ते आठ आणे देत होता. मराठी खेड्यातला पहिला फळा कोणा साहेबाच्या मेहेरबानीने आला, असे मी लहानपणापासून समजत होतो. तो फार करून या चार-चार पैंतून आला होता.

हे वर्म ज्यांनी सर्वांत आधी ओळखले, ते जोतीराव फुले. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात हिशेबच मांडला आहे. सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने, आणि तिच्यातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते. खेड्यातली प्राथमिक शाळा उपाशीच राहते, ही त्यांची तक्रार. पण मला विशेष वाटले ते पुढचेच. फुल्यांनी बांधकामाची वा सामानाची यादी आधी नाही मागितली. त्यांनी आधी मागितला शिकलेला, तयार केलेला शिक्षक, आणि त्याला महिना किमान बारा रुपये पगार. मग मोडी, बालबोध, हिशेब, थोडे शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान. वस्तूआधी माणूस, हा क्रम त्यांनी तेव्हाच सांगून ठेवला होता.

हंटर कमिशनने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपवाव्या असे सुचवले. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे उभी राहिली. पण पैशाचा प्रश्न सुटला नाही. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा खर्चाचा वाटा कुणी किती उचलायचा ही एक मोठीच अडचण पुढे करण्यात आली, आणि १९१२ साली ते विधेयक फेटाळले गेले. करवीरच्या शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली आपल्या संस्थानात शिक्षण मोफत आणि सक्तीचे करून दाखवले. १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक स्कूल बोर्डांकडे आला, आणि 'बोर्डाची शाळा' हा शब्द घराघरात रुजला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तशी बोर्डाची शाळा 'झेडपीची शाळा' झाली.

आणि गंमत पाहा. चार पैंच्या त्या उपकराला सव्वाशे वर्षे होत आली, तेव्हा १९८७ साली केंद्र सरकारला देशभर एक मोहीम काढावी लागली. आपल्याकडे तिला 'खडू-फळा' म्हणत. प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि फळा, नकाशे, तक्ते, खेळणी असे साहित्य. सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा फळ्यापाशीच होतो! पेटीतून आलेले ते साहित्य मीही उघडले आहे. आणि मुलांच्या हातून मोडेल म्हणून पुन्हा बांधूनही ठेवले आहे.

२०१५ पासून पाच वर्षे चौदाव्या वित्त आयोगाचे अनुदान थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागले, आणि त्याच सुमारास लोकवर्गणीतून शाळा 'डिजिटल' करण्याची लाट आली. भिंती रंगल्या, पडदे लागले. काही ठिकाणी खरोखरच सोने झाले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला. कागदावरची ती काळी-पांढरी चौकट काढायला खर्च तो काय! २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. तिथे यंत्रापाशी माणूस उभा होता. माझ्या शाळेत यंत्र होते आणि माणूस किल्ली घेऊन उभा होता.

आता वाटते, दोष एकट्या माझ्या भित्रेपणाचाही नव्हता. अनुदान येते ते वस्तू घेण्यासाठी. तिची दुरुस्ती, विजेचे बिल, ती चालवायला शिकण्याचा वेळ यांना अनुदानाच्या कागदावर रकाना सहसा नसतो. वस्तू हरवली तर मास्तराला जाब विचारतात. न वापरता धूळ खात पडली तर शाबासकी देतात. चार पै देणाऱ्या कुणब्याला कुणी हिशेब दिला नाही, तसा रुमालात पैसे आणणाऱ्या त्या बायकांनाही मी दिला नाही. हिशेब नेहमी वर गेला.

गेल्या दिवाळीत त्या गावाला गेलो होतो. बचतगटातल्या एक म्हाताऱ्या बाई ओट्यावर पणत्या पुसत बसल्या होत्या. फराळाची ताटली पुढे ठेवून त्यांनी सहज विचारले, "गुरजी, आमची ती पेटी चालती का न्हाई?"

मी खरे ते सांगितले. माझ्या वेळी ती चालली नाही, ती मी कोंडून ठेवली होती; आता नवे गुरुजी लावतात म्हणे. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मोडली असती तरी चाललं असतं की. पोरांनीच मोडली असती न्हवं?"

एवढी वर्षे जडवस्तूंची वही लिहिली, पण हा शेरा तीत कुठे लिहायचा ते मला कुणी शिकवले नव्हते.