जुन्या घरांतील ‘गॅस’ : लोणी काळभोरच्या निमित्तानें

जुन्या घराचा काळ ठरवितांना संशोधक लांकूडकाम पाहतात, विटांचें माप घेतात, दप्तर चाळतात. परंतु तुळईचा आकडा, भिंतींतील नळी किंवा दाराजवळचें पितळी बटण यांकडे क्वचितच कोणी लक्ष देतो. या उपेक्षेमुळें घराचा काळ तर चुकतोच, पण हातांतील कागदही चुकीचा वाचला जातो. पुण्याच्या पूर्वेस, सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर या गांवाच्या निमित्तानें तो प्रकार येथें मांडीत आहों.

चुकीचें मूळ शब्दांत आहे. माजघराच्या तुळईस एखादा आकडा असतो, त्यास वृद्ध मंडळी ‘गॅसचा आकडा’ म्हणतात. जमाखर्चाच्या वहींतही ‘गॅस’ हा शब्द येतो. यावरून त्या घरांत नळाचा गॅस खेळत होता असें अनुमान काढण्याचा मोह होतो. तें अनुमान टिकत नाहीं.

नळाचा गॅस म्हणजे दगडी कोळसा बंद भट्टींत तापवून काढलेला वायु. मुंबईंत त्यासाठीं १८६२ सालीं कंपनी निघाली व १८६५ सालीं रस्त्यांवर त्याचे दिवे लागले. या गॅसला कारखाना, टाकी आणि तेथून घरापर्यंत अखंड नळ लागतो. मुंबईचे हे नळ पुण्यापर्यंतही आले नव्हते. मग लोणीची गोष्ट दूरच. जेथें असा गॅस खरोखर होता, तेथील खुणा स्पष्ट असतात. लोखंडी नळी जाड, तिचे जोड आट्यांचे. आंत सांचणारें पाणी निथळावें म्हणून तिला किंचित् उतार. आणि प्रत्येक दिव्यापाशीं पाव फेऱ्यांत उघडझांप होणारी पितळी तोटी. विजेच्या तारांसाठीं घातलेली लोखंडी नळी पातळ असते व तीस तोटी कधींच नसते. आरंभींच्या गॅसची ज्योत वरच जाणार, म्हणून त्या दिव्यांचीं तोंडें वर. विजेचा दिवा मात्र खालीं तोंड करूनही लावतां येतो.

मग लोणीचा ‘गॅस’ कोणता? तो रॉकेलवर चालणारा, पंपानें हवा भरण्याचा दिवा होय. पेट्रोमॅक्स हा त्याचा प्रसिद्ध प्रकार बर्लिन येथें १९१० च्या सुमारास निघाला. दाबाखालचें रॉकेल तापून त्याची वाफ होते, ती मेंटलच्या जाळींत जळते, व जाळी शुभ्र प्रकाशते. ही जाळी आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनज्ञानें मूळ नळाच्या गॅससाठीं शोधिली. तींत लागणारें थोरियम ज्या मोनाझाइट वाळूंतून निघतें, ती त्रावणकोरच्या किनाऱ्यावर १९०९ सालीं सांपडली. जाळीबरोबर ‘गॅस’ हें नांवही रॉकेलच्या दिव्यास चिकटलें असावें. आपला ‘घासलेट’ हा शब्दही ‘गॅसलाइट’चाच अपभ्रंश मानतात, म्हणजे तेलास वायूचें नांव देण्याची संवय आपणांस जुनीच.

तुकोबांची पालखी पुण्याहून निघाल्यावर लोणी काळभोरीं मुक्काम करते. अशा मुक्कामास, लग्नास किंवा कीर्तनास लागणारा दिवा हाच. तो उचलून नेतां येई, त्यास नळ नको. त्यांत वरचेवर हवा भरावी लागे, म्हणून तो काढतां-घालतां येईल असा उघड्या तोंडाचा एकच आकडा पुरे. झोपाळ्याच्या कड्या जोडीनें असतात व त्यांना झीज असते. त्यांशीं याची गल्लत करूं नये.

वह्यांच्या संग्राहकांस यावरून एक कसोटी मिळते. ‘गॅस’ या शब्दाच्या आगेंमागें रॉकेल, मेंटल, पिन, वॉशर अथवा भाडें असेल तर तो हाच दिवा समजावा. कारबाइडचा खर्च असेल तर तो ॲसिटिलीनचा दिवा. दर महिन्याचें मोजणीचें बिल असेल तरच नळाचा गॅस मानावा.

विजेच्या सामानाचा क्रमही ध्यानांत ठेवावा. टाटांचें खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें, व ती वीज प्रथम मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. खेड्यापाड्यांत तारा पोंचावयास पुढें दशकें लागलीं. सर्वांत जुनी पद्धत म्हणजे दोन खांचांची लांकडी पट्टी व तीवर झांकणपट्टी, किंवा चिनी मातीच्या गुटक्यांत धरलेल्या तारा. त्या तारांवर रबर व वर सुती वेष्टण असे; रबरांतील गंधकानें तांबें खराब होऊं नये म्हणून तारेस कथिलाची कल्हई करीत. त्यानंतर साध्या पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनीं बसविलेली रबरी आवरणाची तार आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकच्या आवरणाची. परंतु जुनें बटण नव्या तारेसही लावीत. म्हणून एका वस्तूवरून निर्णय न देतां तार, पट्टी व बटण तीनही पाहावीं. शिवाय, तीं तारा घालण्याचा काळ सांगतात, घराचा नव्हे.

हीं साधनें कागदाहूनही लवकर नष्ट होतात. घर दुरुस्त होतांना पोथी कोणी तरी बाजूस ठेवतो. बटण व आकडा मात्र भंगारांत जातात. म्हणून वीज बंद असल्याची खात्री करून, काढण्यापूर्वीं त्यांचें स्थान नोंदवावें, चित्र घ्यावें व एखादा नमुना वहीशेजारीं जपावा. वहींतला ‘गॅस’ कोणता, हें पुढें तोच नमुना सांगेल.