विधवांना आडवं पाडणारी फणी

आज गोष्ट एका फणीची. केस विंचरायची नव्हे, भात झोडायची. ही फणी जपानातली, तीनशे वर्षांपूर्वीची.

जपानातही आपल्या सह्याद्रीसारखे डोंगर आहेत आणि उतारावर बांध घालून केलेली लहान लहान खाचरं आहेत. पूर्वी तिथं लोंबीतले दाणे काढायला नुसत्या दोन काड्या असत. काड्यांच्या चिमट्यात लोंब्या धरायच्या आणि ओढायच्या. दिवसभर बसलं तरी थोडंच भात निघे. मजुरीनं हे काम करायला गावातल्या विधवा जात. त्यावर त्यांची चूल पेटे.

१६८८ ते १७०४ या काळात ओसाकाच्या बाजूला एक नवं अवजार आलं. लाकडी घोडीवर दातांची रांग बसवलेली. पेंढीचा शेंडा दातांत घालून ओढला की दाणे खाली. अवजाराचं नाव सेन्बाकोकी, म्हणजे हजार दातांची फणी. पण लोकांनी दुसरंही नाव ठेवलं, गोके-दाओशी. म्हणजे विधवांना आडवं पाडणारी! काम झटपट व्हायला लागलं आणि त्या बायांची मजुरी गेली.

आता बघा, फणी तीच. जिचं स्वतःचं खाचर होतं, तिचे कष्ट वाचले. जिला नुसते हात होते, तिची भाकरी गेली.

पुढं १९१०च्या सुमारास जपानातच पायानं फिरवायचं झोडणी यंत्र निघालं. तारांचे आकडे बसवलेला लाकडी पिंप पायानं फिरवायचा आणि वर पेंढी धरायची. १९५३ साली आपल्या देशात जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम निघाली. त्या पद्धतीत दोरी धरून ओळीत लावणी करायची आणि ओळींतून हातकोळपं ढकलायचं. पायानं चालणारं झोडणी यंत्रही आज आपल्याकडे मिळतं. डोंगरातल्या खाचराला ट्रॅक्टर जात नाही, पण हे यंत्र उचलून खळ्यावर नेता येतं. कापणीला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा आहे. त्याला सारखी धार लावावी लागत नाही आणि भात जमिनीलगत कापलं जातं.

म्हणून बायांनो, अवजारं जरूर घ्या. आपली कंबर काही लोखंडाची नाही. फक्त घेताना गटाच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. यंत्र कुणाच्या नावावर राहणार? भाडं कुणाच्या खात्यात जमा होणार? आणि झोडणीच्या मजुरीवर जिचं घर चालतं, तिला कोणतं काम मिळणार? यंत्र चालवायची मजुरी आधी तिलाच द्या. तिला गटात घ्या, म्हणजे भाड्यातही तिचा वाटा राहील. चालवताना मात्र पदर खोचायचा, केस बांधायचे, मुलांना लांब ठेवायचं.

जपानातल्या त्या विधवांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्या गावात विचारणाऱ्या आपणच आहोत.