तंजावरच्या आजोबांची डीव्हीडी

मागच्या भागात आपण जिंजीचा वेढा पाहिला. आज लढाई नाही. आज एका डीव्हीडीची गोष्ट सांगतो, कारण इतिहासाचं साधन कसं जपायचं हे मला तिनंच शिकवलं.

2006 साली मी चेन्नईत, सेंट थॉमस माउंटच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत नेमणुकीवर होतो. चार दिवसांची सुटी काढून तंजावरला गेलो. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथं भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती 1855 पर्यंत टिकली. सरफोजीराजे दुसरे यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर कोरून घेतला. तो मी कॅमेऱ्यात टिपला. नंतर एका मराठी घरातल्या ऐंशी पार केलेल्या आजोबांशी तासभर बोललो. तमिळ हेल असलेली, पण घरात पिढ्यानपिढ्या बोलली गेलेली त्यांची मराठी ऐकताना मला वेळेचं भान राहिलं नाही.

माझा कॅमेरा मिनीडीव्ही टेपचा होता. एका दुकानातून टेपची डीव्हीडी करून घेतली आणि तीच टेप पुढच्या सहलीत पुन्हा वापरली! फौजेत नकाशाची एकच प्रत घेऊन कोणी निघत नाही. घरी मात्र मी नेमकं तेच केलं.

मागच्या वर्षी आजोबांच्या नातवाचा फोन आला. "काका, आजोबांचा आवाज आमच्याकडे कुठंच नाही. तुमच्याकडे आहे का?" डीव्हीडी शोधून लावली. पन्नास मिनिटं नीट चालली आणि मग चित्र गोठलं.

इथं थोडं तंत्र समजून घेऊ. डीव्हीडी 1996 मध्ये जपानच्या बाजारात आली. एका थरात 4.7 जीबी मजकूर मावतो. तेवढ्यात चित्रपट बसवायचा म्हणून एमपीईजी-2 ही पद्धत चित्र दाबून ठेवते. मिनीडीव्ही टेपवर प्रत्येक चित्र स्वतंत्र आणि पूर्ण असतं. डीव्हीडीवर साधारण 12 ते 15 चित्रांच्या गटात एकच चित्र पूर्ण असतं. बाकीच्यांत मागच्यापुढच्या चित्रांपेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवलेलं असतं. पाहायला हे उत्तम. संपादनात मात्र मधलंच चित्र कापायचं म्हटलं की संगणकाला आजूबाजूची सगळी चित्रं पुन्हा जुळवावी लागतात. म्हणून काम अडखळतं, कधी आवाज आणि ओठ जुळत नाहीत.

मला हे मोडीसारखं वाटतं. मोडी भरभर लिहिण्यासाठी होती. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पाळत नसत, वाचणारा तो संदर्भावरून ओळखायचा. बाळबोधीत आणताना लेखनिकानं जे लिहिलंच नाही, ते कागदातून काढता येत नाही. डीव्हीडीचंही तसंच आहे. रूपांतर करून चित्र संपादनाला सोपं होतं, अधिक स्पष्ट होत नाही. मंदिरातल्या शिलालेखाची बारीक अक्षरं माझ्या डीव्हीडीत पुसट आहेत, ती पुसटच राहिली.

आता मी काय केलं ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम, रूपांतर नव्हे, तर पूर्ण डीव्हीडीची जशीच्या तशी प्रत. मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसलं, गोल फिरवून नाही. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे भरलेल्या डीव्हीडीचा शेवट बाहेरच्या कडेला असतो आणि बोटं तिथंच लागतात. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आधी चांगला भाग उचलतो आणि खराब जागांवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. तरी पाच मिनिटं येईनात. मग रिची स्ट्रीटवरून दुसऱ्या बनावटीचा एक जुना ड्राइव्ह आणला. एकाला न वाचता आलेलं दुसरा कधीकधी वाचतो. आमचं नशीब, बहुतेक भाग आला. शेवटी चाळीस सेकंद तेवढे राहिले.

दुसरं काम जोडणीचं. डीव्हीडीवर चित्रण एक-एक जीबीच्या व्हीओबी फाइलींत तोडलेलं असतं. मेकएमकेव्ही ते पुन्हा न दाबता एका फाइलीत आणतो.

तिसरं काम रूपांतराचं, एफएफएमपेग वापरून. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 50 अर्धचित्रं असतात, एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. संगणकावर हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात त्या यामुळे. त्या अर्धचित्रांची मी सेकंदाला 50 पूर्ण चित्रं करून घेतली. 720 बाय 576 चं माप 768 बाय 576 केलं, नाहीतर माणसं बारीक दिसतात. शेवटी प्रोरेसमध्ये साठवलं, कारण त्यात टेपसारखं प्रत्येक चित्र स्वतंत्र असतं. फाइल मूळच्या अनेकपट मोठी होते, पण कापाकापी सुरळीत चालते. आवाज वेव्ह फाइलीत ठेवला.

राहिले ते चाळीस सेकंद. आजोबा आपल्या आजीनं शिकवलेला एक श्लोक म्हणत होते, तेवढ्यात ती जागा येते. मित्र म्हणाले, तिथं मंदिराचं दृश्य टाक, कुणाला कळणार नाही. मी नाही टाकलं. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' छापली, तेव्हा मूळ कागदच लोकांपुढे ठेवले. कागद फाटलेला असेल तर तिथं टिंबं देणं हीच संपादकाची सचोटी. मी पडदा काळा ठेवला आणि लिहिलं, 'इथं चाळीस सेकंद नष्ट.'

नातवाला फाइल पाठवली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. त्याच्या आईनं तो काळा पडदा आला तेव्हा श्लोक स्वतः पुढे म्हटला होता. तिला तो पाठ होता. तिचा आवाज मी मागवून घेतला आहे, पण वेगळ्या फाइलीत ठेवलाय. तो आजोबांच्या आवाजात मिसळणार नाही.

तुमच्या कपाटात लग्नाची, मुंजीची, गावच्या जत्रेची डीव्हीडी असेल. या रविवारी तिची प्रत काढा. संपादन नंतर होईल. जय हिंद.