सोन्याच्या रंगावरून रोगाची पारख

कसोटीच्या दगडावर सोन्याची परीक्षा होते, हे सर्वश्रुत आहे. सोन्यालाच कसोटी करून मनुष्याच्या रोगाची परीक्षा घेण्याचा उद्योग मात्र १९१२ साली बर्लिनमध्ये झाला, आणि तो आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे.

त्याचे मूळ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सापडते. मायकेल फॅरडे याने तेथे सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून माणकासारखा लाल द्रव बनविला. सोने त्यात अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत असते, हे त्याने ताडले, आणि मीठ घालताच ती लाली निळी होते, हेही १८५७ मध्ये नमूद केले. कण विलग असता द्रव तांबडा, ते एकमेकांस बिलगले की निळा, आणि तळाशी बसले की बिनरंगी. पुढे १९०१ मध्ये रिचर्ड झिग्मोंडी याने काही प्रथिने या कणांचे मिठापासून रक्षण करतात, त्या रक्षणशक्तीचे मापनच सिद्ध केले.

कार्ल लांगे या वैद्याने हा धागा उचलला. रुग्णाच्या पाठीच्या कण्यातून काढलेला द्रव अगदी सौम्य मिठाच्या पाण्यात उत्तरोत्तर दुप्पट पातळ करीत दहा नळ्यांत भरावयाचा, प्रत्येकीत लाल सोने घालावयाचे आणि दुसऱ्या दिवशी रंग वाचावयाचे. रंग कायम राहिला तर शून्य, पार उडाला तर पाच. निरोगी माणसाच्या द्रवाने दहाही नळ्या लाल राहत. उपदंश मेंदूत शिरून बुद्धिभ्रंश झालेल्या, म्हणजे ‘जनरल पॅरेसिस’च्या, रोग्याच्या द्रवाने मात्र पहिल्या चार-पाच नळ्या बिनरंगी होत.

सोन्याचा हा द्रव मोठा लहरी. पाणी पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित करावे लागे. भांडे धुणाऱ्याचा हात जरा चुकला की निदानही चुकण्याचा संभव. शिवाय १९१७ पासून व्हिएन्नाच्या युलियस वाग्नर-याउरेग याच्या पद्धतीने अशा रोग्यांना मुद्दाम हिवतापाची लागण करू लागले. त्या उपचारात काही रोगी दगावतही. तेव्हा नळ्यांतील आकड्यांवर एखाद्याचा जीव टांगलेला असे. आणि नेमकी येथेच ही परीक्षा लंगडी पडे, कारण उपदंशाशी काडीचाही संबंध नसलेल्या मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णातही पुष्कळदा तोच आकडा उमटे. सोन्याला रोगजंतू ओळखू येत नव्हता. द्रवातील प्रथिनांचे प्रमाण बिघडून ग्लोब्युलिन वाढले, एवढेच ते सांगत होते. म्हणून सावध वैद्य १९०६ च्या वासरमान परीक्षेची जोड घेतल्यावाचून निर्णय देत नसत. पेनिसिलीन आले, प्रथिने वेगळी करून मोजण्याच्या नव्या रीती आल्या, आणि लांगेच्या दहा नळ्या हळूहळू फडताळात गेल्या.

सोन्याला ओळख शिकविली ती १९७१ मध्ये. फॉक आणि टेलर या संशोधकांनी सोन्याच्या कणांवर प्रतिपिंड चिकटविले. ठरावीक पदार्थालाच धरणारे हे प्रथिन सोन्याला त्या पदार्थाकडे नेऊ लागले. गर्भधारणा, हिवताप आणि २०२० नंतर घरोघरी पोहोचलेली कोविडची चाचणी, यांतील पुष्कळ पट्ट्यांवर उमटणारी तांबडी रेघ याच कणांची असते. पट्टीवर आधीच बसविलेल्या प्रतिपिंडांच्या ओळीत ते अडकतात व साचतात, परंतु एकमेकांत मिसळून जात नाहीत. म्हणूनच ती रेघ निळी न पडता फॅरडेच्या द्रवासारखी लाल राहते.