उसाच्या मुळाशी कोणते पाणी?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, त्यांच्या वर्गात मी याच शाळेत बसलो आहे. त्यामुळे आजचे निमंत्रण हा मी माझा गौरव मानत नाही; राहून गेलेला गृहपाठ पुरा करण्याची ती एक संधी मानतो.

त्या गृहपाठाची हकीकत अशी. १९७५ च्या सुमारास एके दिवशी गुरुजी वर्गात गुळाचा खडा घेऊन आले आणि विचारते झाले, "हा गूळ बारडोलीकडचा. याच्या उसाला पाणी कुठले?" एकाने विहिरीचे सांगितले, दुसऱ्याने कालव्याचे. गुरुजी म्हणाले, "आणि कालव्यात कुठून आले? मागे मागे जा, आणि जिथे थांबाल तिथे काय दिसले ते लिहून आणा." मी चार ओळी लिहिल्या आणि उकाईच्या धरणापाशी थांबलो. त्यापुढे जाण्यास मला पुष्कळ वर्षे लागली.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सुरत जिल्हा म्हणजे उसाचा जिल्हा, हे समीकरण फार जुने नाही. जुन्या महसुली दप्तरात येथील जमिनीची जिरायत, क्यारी आणि बागायत अशी प्रतवारी आढळते. बागायतीत ऊस होता. परंतु तो विहिरीच्या आसपास, मोजक्या जमीनदारांच्या मळ्यांत आणि पिढ्यान्‌पिढ्या कर्जात बांधलेल्या हाळी मजुरांच्या कष्टांवर उभा असे. बाकीच्या काळ्या जमिनीत पावसावरचा कापूस आणि ज्वारी. १९२८ साली सरदार वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली ज्या बारडोलीने सारावाढीविरुद्ध लढा दिला, ती बारडोली मुख्यतः कापसाची होती. सारा वाढविण्याच्या समर्थनार्थ सरकारी अहवालात ज्या गोष्टी पुढे केल्या गेल्या, त्यांत ताप्ती व्हॅली रेल्वेमुळे झालेली सोय आणि पिकांचे चढे भाव यांचा समावेश होता. कालव्याचे पाणी त्यांत असणे शक्यच नव्हते. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या चौकशीनंतर ती वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली, हा इतिहास आपणांस विदित आहे.

चित्र पालटले ते स्वातंत्र्यानंतर. तापीवर काक्रापार येथील बंधारा १९५४ मध्ये पुरा झाला आणि दोन्ही तीरांवर कालवे निघाले. पाठोपाठ १९५५ साली बारडोलीस शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना स्थापन झाला. परंतु बंधारा पाणी वळवितो, साठवीत नाही. नदी आटली की कालवाही आटतो. ही उणीव काक्रापारच्या वरच्या अंगाला सुमारे २९ कि.मी.वर बांधलेल्या उकाई धरणाने १९७२ मध्ये भरून काढली. बारमाही पाणी आले आणि कापसाची जागा उसाने घेतली. माती तीच राहिली. बदलले ते पाणी.

येथे विहिरींविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. बारडोली-पलसाण्याकडे एखादा शेतकरी आजही अभिमानाने सांगतो की, आपला ऊस विहिरीवर आहे. त्याचे म्हणणे खोटे नसते, परंतु अपुरे असते. कालव्यांतून झिरपलेल्या आणि उसाला सढळ हाताने दिलेल्या पाण्याने या लाभक्षेत्रातील भूजलाची पातळी वर आली. काही ठिकाणी जमीन पाणथळ आणि क्षारयुक्त होण्यापर्यंत मजल गेली. म्हणजे त्या विहिरीतही पुष्कळसे पाणी तापीचेच, फक्त जमिनीखालून आलेले.

मग तापीत ते कुठून येते? ही नदी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईपाशी उगम पावते आणि ७२४ कि.मी. वाहून आपल्या शहराखाली समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्र सुमारे ६५ हजार चौ.कि.मी. आहे. त्यांपैकी ५१ हजारांहून अधिक महाराष्ट्रात; गुजरातेत चार हजारांहूनही कमी. वऱ्हाडातून पूर्णा, नाशिक जिल्ह्यातून गिरणा, धुळ्याकडून पांझरा अशा नद्या तिला मिळतात, आणि हे सारे पाणी उकाईच्या वरच आलेले असते. बारडोलीच्या उसाला पोसणारा पाऊस बव्हंशी अकोला, बुलढाणा, जळगाव, धुळे या भागांत पडलेला असतो.

त्या वरच्या खोऱ्याची स्थिती काय आहे? रावेर-यावलची केळी प्रसिद्ध आहे. ती सातपुड्याच्या पायथ्याशी साचलेल्या गाळ-गोट्यांच्या थरांतील भूजलावर जगते, आणि तेथे विहिरी व कूपनलिका वर्षानुवर्षे खोल जात आहेत. एकाच नदीच्या खोऱ्यात वरच्या अंगाला बागायतीपायी पाणी खाली जाते आणि खालच्या अंगाला बागायतीमुळेच ते वर येते.

याच खोऱ्यात पाणी वाटून घेण्याची एक जुनी रीतही होती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर लहान बंधारे घालून खानदेश-बागलाणच्या गावांनी शतकानुशतके फड पद्धती चालविली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवावयाचे, म्हणजे तूट सर्वांनी वाटून घ्यावयाची. ऊस तेथेही होता, पण पाळीने.

आता मी जेथे चौदाव्या वर्षी थांबलो होतो, तेथे येतो. उकाईच्या जलाशयास वल्लभसागर म्हणतात. त्याच्या पाण्याखाली दोन्ही राज्यांतील मिळून शंभराहून अधिक गावे पूर्णतः वा अंशतः गेली. त्यांत नवापूर-नंदुरबारकडील गावेही होती, आणि विस्थापितांत आदिवासी कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. माझ्या आईचे माहेर त्यांपैकी एक. जलाशय उतरला की देवळाचा चौथरा उघडा पडतो, असे ती सांगे. आणि गूळ चिरताना कधी कधी मध्येच थांबे. गुरुजींनी प्रश्न विचारला त्या दिवशी उत्तर माझ्या घरातच होते, आणि मला ते ठाऊक नव्हते.

आणखी एक गोष्ट. दिवाळी झाली की डांग, नंदुरबार आणि खानदेशातून हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी या जिल्ह्यात उतरतात. नवराबायकोच्या जोडीस येथे 'कोयता' म्हणतात. माणसाची मोजणी हत्याराच्या नावाने होते. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या कारखान्यांसाठी राबणाऱ्या या मजुरांविषयी विस्ताराने लिहिले, ते प्रत्येक सुरतकराने वाचावे असे आहे. यांतील अनेकांच्या शिवारात पडलेला पाऊस त्यांच्या आधी बारडोलीस पोचलेला असतो. आपल्या गावी दुसरे पीक निघत नाही म्हणून, त्याच पाण्यावर वाढलेला ऊस तोडण्यास ते मागाहून येतात.

धरण बांधले ते चूक झाले, असे माझे म्हणणे नाही. उकाईने सुरत जिल्ह्यातील शेतकऱ्याला स्थैर्य दिले, आपल्या शहरास पाणी दिले. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला आपण आपल्या जमिनीची सुपीकता म्हणतो तिच्यात इतरांचा पाऊस, इतरांची गावे आणि इतरांचे श्रम मिसळलेले आहेत. हा हिशेब कोणत्याही सातबाऱ्यावर नोंदलेला नाही. तो नोंदून ठेवणे हे इतिहासाचे काम आहे. आणि जो तो वाचेल, त्याने तोडणीच्या मजुरीचा किंवा विस्थापिताच्या जमिनीचा प्रश्न पुढे आल्यावर ते मागणारे आपले देणेकरी नव्हेत, घेणेकरी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

गुरुजींचा गृहपाठ मी उशिरा देत आहे. ते असते तर त्यांनी वही परत केली असती आणि म्हणाले असते, "ठीक. पण मुलताईच्या पुढेही पावसाचा ढग असतो. तो कुठून आला?" तो प्रश्न आज बाकांवर बसलेल्या मुलांच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.