बातमी पोचण्याआधीचा सौदा

ऑगस्ट 1760, महिन्याचा मधला आठवडा. तुम्ही आनेकलच्या कोटाच्या दरवाज्याशी उभे आहात. अंगावर धनगरी घोंगडी, पाय पोटऱ्यांपर्यंत तांबड्या चिखलात. मागे मोठ्या तळ्याचा बांध, पुढे नाचणीची हिरवी शेतं, आणि पाऊस असा की पडतोय म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर घोंगडी जड झालेली. दरवाज्यावरच्या शिपायांना ही गढी नवी आहे. काही महिन्यांपूर्वीपर्यंत इथे सुगटूर घराण्यातले पाळेगार होते. आता किल्लेदार आहे इस्माईल अली, म्हैसूरच्या हैदर अलीचा मेहुणा.

नैऋत्येकडून घोडे येताना दिसतात. संख्या थोडी, चाल थकलेली, मागे उंट. पुढचा स्वार उतरतो तेव्हा त्याचे पाय क्षणभर साथ देत नाहीत. श्रीरंगपट्टणहून शंभरावर किलोमीटर तो जवळजवळ न थांबता आला आहे. उंटांवर हाताला लागला तेवढा पैसा आणि जडजवाहीर. बायकामुलं तिकडेच, शत्रूच्या ताब्यात.

हाच हैदर. 12 ऑगस्टला सकाळी श्रीरंगपट्टणच्या बेटावरच्या तोफांनी त्याच्या छावणीवर मारा सुरू केला. तो करवणारा खंडेराव, कालपरवापर्यंत त्याचाच कारभारी. खंडेरावानं म्हैसूरच्या राजाला आपल्याकडे वळवलं होतं आणि मराठ्यांचे सरदार विसाजीपंत बिनीवाले यांच्याशी संधान बांधलं होतं. हैदरचं बरंचसं सैन्य तेव्हा घाटाखाली, इंग्रजांनी वेढलेल्या पाँडिचेरीच्या फ्रेंचांसाठी गेलेलं. वेळ अशी अचूक साधली गेली की कोणाही कारस्थान्याला हेवा वाटावा. एकच चूक झाली: दिवसभराच्या बोलाचालीनंतर हैदरला निसटू दिलं गेलं.

तुम्ही त्याला पाणी देता. तो पिताना बोलत नाही, पिऊन झाल्यावर मेहुण्याला एकच काम सांगतो. बंगळूर गाठ, कबीर बेगाचा मनसुबा बघ. बंगळूरचा किल्ला कबीर बेगाच्या हाती आहे. राजाचा हुकूम तिथे आधी पोचला तर दरवाजा हैदरवर बंद होणार, इस्माईल अली आधी पोचला तर राजाच्या माणसांवर. इस्माईल अली ताज्या घोड्यावर बसून उत्तरेला निघतो. कबीर बेग हैदरच्या बाजूनं उभा राहतो, आणि उद्या ज्याची इंग्रजांना धास्ती वाटेल तो माणूस वाचतो. आनेकलमध्ये घडलं ते एवढंच, एक घोडा बदलण्याइतकं.

आता चार-पाच महिने पुढे चला. थंडी पडली आहे, शेतं रिकामी, खळी भरलेली. तुम्ही त्याच कोटाच्या पेठेत मिठाचा भाव विचारता आणि दुकानदार तुमच्याकडे परक्या मुलखातला समजून बघतो. मीठ या पठारावर पिकत नाही, समुद्राकाठच्या मुलखातून बैलांच्या पाठीवर घाट चढून येतं. उलट दिशेनं सुपारी, मिरी, चंदन खाली उतरतं. पुण्याकडून गोसावी व्यापारी शाली, केशर, कस्तुरी घेऊन बंगळूरच्या पेठेत येतात. चाळीस वर्षांनी फ्रान्सिस ब्युकॅनन नावाचा स्कॉटिश डॉक्टर या सगळ्याची नोंद करून ठेवील. पण आज घाट बंद आहेत. दक्षिणेला, अंचेट्टीच्या डोंगराशी, हैदरची खाली गेलेली फौज परत येताना अडकली आहे. तिचा म्होरक्या मखदूम अली हाही हैदरचा मेहुणाच. विसाजीपंतांच्या स्वारांनी त्याला वर येऊ दिलेलं नाही. त्याला सोडवायला हैदरनं फैजुल्ला खानाबरोबर असतील नसतील तेवढी माणसं पाठवली, तीही मार खाऊन परतली. फौज अडते तिथे लमाणांचे तांडेही अडतात. दुकानदाराच्या गोणीत तळाशी ओलसर, करडं मीठ उरलं आहे आणि तो ते मोजून नाही, चिमटीनं देतो.

धर्मशाळेत तुमची गाठ एका मराठी कारकुनाशी पडते. (इतिहासाला हा माणूस ठाऊक नाही. तुम्हाला बोलायला कोणीतरी हवं म्हणून उभा केला आहे.) कमरेला कलमदान, बोटांना शाईचे डाग, कानात भिकबाळी. विसाजीपंतांच्या वकिलाबरोबर तो बंगळूरला चालला आहे.

"आपण कुठले?" तो विचारतो.

"पुण्याकडचे."

"मग उत्तरेची काही खबर? भाऊसाहेबांची?"

तुम्ही गप्प राहता. तुम्हाला तारीख ठाऊक आहे, 14 जानेवारी 1761. ठिकाण ठाऊक आहे. कोण कोण परत येणार नाही तेही ठाऊक आहे. पण काळात मागे आलेल्या माणसाचा धर्म असा की ऐकावं, सांगू नये. तुम्ही म्हणता, "विशेष काही नाही."

"आमच्याकडेही नाही," तो म्हणतो, जरा लवकरच. आणि मग विषय बदलून हैदरकडच्या अटी सांगू लागतो. काही लाख रोख आणि बारामहाल. बारामहाल म्हणजे घाटाखालचा कृष्णगिरीच्या बाजूचा मुलूख. मखदूम अलीनं पाँडिचेरीकडे जाता जाता तो कडप्पाच्या नवाबाकडून नुकताच उचललेला. एवढं दिलं की मराठे निघून जाणार, खंडेराव आणि त्याचा राजा आपलं आपण बघतील.

इथे जरा थांबून हिशेब करा. हैदरकडे बंगळूर आणि आसपासचा थोडा मुलूख, फौज अर्धी डोंगरात कोंडलेली, कुटुंब शत्रूकडे. आणखी महिनाभर नेट लावला असता तर त्याचा कारभार आटोपला असता. मग ज्यांची बाजू वर आहे ते एवढ्या स्वस्तात का उठताहेत? कारकुनाच्या चेहऱ्यावर उत्तर आहे. पुण्याच्या दरबाराचं सगळं लक्ष, सगळा पैसा, सगळी घालमेल उत्तरेत अबदालीपुढे अडकलेल्या लष्कराकडे लागली आहे. दक्षिणेतल्या सरदाराला कावेरीकाठी रेंगाळायला फुरसत नाही. विसाजीपंतांना हे कळलेलं आहे, हैदरला अजून नाही, आणि त्या फटीतच सगळा सौदा उरकायचा आहे. बातमी दोघांना एकाच वेळी कळली तर विसाजीपंतांच्या हाती दमडी पडणार नाही.

दुभाष्या लागत नाही, हेही लक्षात ठेवा. हैदरला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कानडी, दख्खनी, तेलुगू, तमिळबरोबर मराठीही तो बोले. समोरच्याचा आवाज कुठे घाईला येतो हे त्याला कागद न वाचताही कळत असणार.

रक्कम दिली जाते. मराठे कूच करतात. पठारावरून धुळीचा लांब पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि पेठेतला दुकानदार उद्या मीठ येईल म्हणून जुनं मीठ आज थोडं सैल हातानं देतो. मग हैदरला त्या घाईचं कारण कळतं. बारामहालचा अंमलदार मुलूख सोडत नाही, त्याला तसाच निरोप गेलेला असतो. उत्तरेत सगळं संपल्यावर तो मुलूख मागायला कोण येणार होतं? पानिपतानंतर दोन दिवसांनी पाँडिचेरीही इंग्रजांच्या हाती पडली. त्या जानेवारीनं दक्षिणेतली पाटी जवळजवळ कोरी केली, आणि ती पुसली जात असताना हैदर बंगळुरात जिवंत होता. पुढे खंडेरावाला तो पोपटासारखा जपेन असं वचन देऊन ताब्यात घेईल आणि पिंजऱ्यात ठेवून दूधभात चारील, अशी कथा आहे. हे वचन तरी त्यानं अक्षरशः पाळलं, असं म्हणायला हरकत नाही.

खरं तर या भागाला असा सौदा नवा नव्हता. 1687 साली तंजावरच्या व्यंकोजीराजांनी वडिलांच्या, शहाजीराजांच्या जहागिरीतलं बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाखांना विकायला काढलं. दूरच्या तंजावरहून ते सांभाळणं परवडत नव्हतं. बोलणी चालू असतानाच 10 जुलैला औरंगजेबाचा सरदार कासिम खान शहरात शिरला. चिक्कदेवराजानं शांतपणे तेवढीच रक्कम विक्रेता बदलून मोगलांना दिली आणि शहर घेतलं. मराठी माणसाच्या हातून बंगळूर गेलं ते असं, लढाईत नाही, व्यवहाराला झालेल्या उशिरात.

आता मोठी उडी घ्या. 12 सप्टेंबर 2016, दुपार. तुम्ही आनेकल तालुक्यातल्या अत्तिबेलेला आहात. पुढे कमान, त्यापलीकडे तमिळनाडूतलं झुझुवाडी आणि होसूर. ही हद्द 1799 मध्ये आली, टिपू पडल्यावर होसूरकडचा मुलूख इंग्रजांनी सेलमला जोडला आणि आनेकल म्हैसूरकडे राहिलं तेव्हा. पायाखालचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 44. श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला जाणारा हाच रस्ता वाटेत पानिपतलाही लागतो.

आज तो ओस आहे. सकाळी सर्वोच्च न्यायालयानं कावेरीच्या पाणीवाटपाचा 5 सप्टेंबरचा आदेश बदलला. तमिळनाडूला रोज 15,000 क्युसेकऐवजी 12,000 क्युसेक पाणी, 20 तारखेपर्यंत. आकडा कमी झाला, मुदत वाढली. चेन्नईत एका कानडी माणसाच्या हॉटेलावर हल्ला झाल्याचं दृश्य मोबाईलवरून फिरलं आणि दुपारपर्यंत बंगळूर पेटलं. एका खाजगी वाहतूक कंपनीच्या आगारात तीसहून अधिक तमिळ बसगाड्या जळाल्या. जमावबंदी, मग सोळा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी. उद्या बकरी ईद, परवा ओणम. केरळला निघालेली कुटुंबं सुटकेसची चाकं ओढत कमानीखालून पायी चालली आहेत. कर्नाटकाच्या गाड्या इकडे थांबतात, तमिळनाडूच्या तिकडे, आणि मधला टप्पा ज्याचा त्यानं तुडवायचा. होसूरच्या गुलाबांचे आणि टोमॅटोचे टेम्पो पलीकडे उभे आहेत. फुलवाल्याला कळतं की उद्यापर्यंत माल गेला नाही तर तो खतात जाणार. बोमसंद्र्याच्या आणि होसूरच्या कारखान्यांत सुटे भाग रोज हीच कमान ओलांडतात. पाळी सुटलेला एक कामगार तुमच्यापुढे भरभर चालतो आहे, गळ्यातलं ओळखपत्र शर्टात खुपसून. त्यावर नाव कुठल्या लिपीत आहे, ते आज कोणाला दिसायला नको.

तुम्ही त्याच्याबरोबर चालू लागता. तो मोबाईल बघत म्हणतो, "आमच्या मालकाला टीव्हीआधी कळलं." तुम्ही मनात कारकुनाला आठवून हसता. मालकाला कळलं तेव्हाच शेजाऱ्याला, जमावालाही कळलं. विसाजीपंतांसारखं कोणाला चार दिवस गप्प बसून भाव पाडता येत नाही.

ओस पडलेली कमान पुढचे कित्येक दिवस नीट भरत नाही. 20 सप्टेंबरला न्यायालय पुन्हा बसतं, पुन्हा नवा आकडा देतं. शेवटचा निकाल 16 फेब्रुवारी 2018 ला लागतो. कर्नाटकाच्या वाट्यात 14.75 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) भर, आणि तमिळनाडूसाठी वर्षाला 177.25 टीएमसी सोडायचं. हे पाणी मोजलं जातं बिळिगुंडलूला, अंचेट्टीच्या त्याच डोंगराळ बाजूला, जिथे मखदूम अलीची फौज वर येण्याची वाट बघत होती. तिथला आकडा बंगळूरला आणि चेन्नईला एकाच दिवशी पोचतो, आणि भांडण त्याच आकड्यावरून पुढे चालू राहतं.