आगगाड्यांच्या प्रतिकृती

आगगाड्यांच्या प्रतिकृती : प्रत्यक्षातील एंजिने, डबे, वाघिणी व लोहमार्ग यांची ठराविक प्रमाणात लहान केलेली आणि रुळांवर चालू शकणारी रूपे. खेळण्यातील गाडीची चाके फिरली, म्हणजे पुरते. प्रतिकृतीचे मात्र माप, ठेवण व चालणे ही तिन्ही मूळ गाडीशी जुळावी लागतात. अल्प किंमतीच्या वस्तूंत या दोहोंमधील सीमारेषा पुसट असते. त्यामुळे स्वस्त एंजिन किंवा डबा कोणत्या निकषांवर पारखावा, हा या छंदाच्या इतिहासातील जुना प्रश्न होय.

जर्मनीतील मेर्कलिन या कंपनीने १८९१ साली लाइपसिक येथील व्यापारी जत्रेत प्रमाणित रुळांतरांच्या गाड्या मांडल्या. त्यामुळे निरनिराळ्या वेळी घेतलेले रूळ व डबे एकमेकांस जुळू लागले. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्न्बी यांच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये किल्लीवर चालणाऱ्या, तर १९३८ मध्ये १६·५ मिमी. रुळांतराच्या लहान गाड्या बाजारात आणल्या. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या संघटनेने चाके व रूळ यांची मापे ठरवून दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर पत्रा व ओतीव धातू यांची जागा मोठ्या प्रमाणात प्लॅस्टिकने घेतली. किंमती उतरल्या आणि छंद सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला. मात्र त्याबरोबरच निकृष्ट मालही वाढला. आजची प्रचलित प्रमाणे ‘एचओ’ (१:८७), ‘ओओ’ (१:७६) व ‘एन’ (१:१६०) ही होत. पहिल्या दोहोंचे रुळांतर १६·५ मिमी., तर तिसऱ्याचे ९ मिमी. असते.

डब्याची पारख चाकांपासून सुरू होते. चाके आसावर नेमकी काटकोनात बसलेली, डगमग न करणारी आणि आतील बाजूंनी परस्परांपासून सारख्या अंतरावर असावी लागतात. हे अंतर कमीजास्त असल्यास डबा सांध्यावर घसरतो. चाकांच्या कडा फार खोल असल्यास त्या बारीक रुळांच्या खिळ्यांवर आपटतात. दुसरा निकष वजनाचा. उपरोक्त संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ प्रमाणातील डब्यास मुळात १ औंस व लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस वजन असावे. म्हणजे ६ इंची (सु. १५ सेंमी.) डब्याचे वजन ४ औंस (सु. ११३ ग्रॅ.) भरावे. स्वस्त डबे बहुधा याहून हलके असतात व वळणावर उलटतात. तिसरा निकष जोडसाधनांचा : सर्व डब्यांची जोडसाधने एकाच उंचीवर असावी लागतात.

एंजिनाच्या बाबतीत विद्युत् प्रवाह किती चाकांतून घेतला जातो, हे प्रथम पाहावे. मोजक्याच चाकांतून प्रवाह घेणारे एंजिन मळक्या रुळांवर अडखळते. जलद धावणे ही गुणवत्तेची खूण नव्हे. अगदी मंद गतीने, न अडखळता, दोन्ही दिशांना चालणे ही खरी कसोटी होय. चलित्राची गती एकाच बोगीस मिळत असेल आणि पकडीसाठी चाकांना रबरी धावा बसविल्या असतील, तर ओढण्याची शक्ती मिळते, परंतु प्रवाह घेणारी चाके कमी होतात. युद्धपूर्व एंजिन घेताना ओतीव जस्ताचे भाग तपासावेत. त्यात शिशाची अशुद्धी राहिलेली असल्यास ते कालांतराने फुगतात व तडकतात.

सर्व दोष सारखे नसतात. चाके, वजन व जोडसाधने अल्प खर्चात बदलता येतात. पण मुळात चुकलेले माप, तडकलेले दंतचक्र वा तडकलेला सांगाडा सुधारणे खर्चाचे ठरते. म्हणून रंगकाम साधे पण माप बिनचूक असलेला डबा हा भडक रंगविलेल्या बेमाप डब्यापेक्षा नेहमीच सरस ठरतो.

भारतीय गाड्यांच्या प्रतिकृतींत रुळांतराची वेगळी अडचण येते. येथील रुंदमापी मार्ग १,६७६ मिमी.चा, एचओ प्रमाणात तो १९ मिमी.हून थोडा अधिक भरतो. परंतु तयार रूळ १६·५ मिमी.चे असल्याने गाडी रुळांपेक्षा अवास्तव रुंद दिसते. पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले व १९९८ पासून लोकांस खुले असलेले लघुरेल्वे संग्रहालय हे महाराष्ट्रातील या छंदाचे सर्वपरिचित केंद्र होय.

अरुंदमापी मार्गाची गोष्ट उलट आहे. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हे मूर्तिजापूर–यवतमाळ या ७६२ मिमी. रुळांतराच्या, ‘शकुंतला’ नावाने परिचित असलेल्या मार्गावरील स्थानक. वऱ्हाडातील कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेण्यासाठी हा मार्ग बांधला गेला. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बनलेले त्याचे वाफेचे एंजिन १९९४ मध्ये निवृत्त होऊन डीझेल एंजिन आले. पुढे वाहतूकही बंद पडली. एचओ प्रमाणात ७६२ मिमी. म्हणजे सु. ८·७६ मिमी., आणि एन प्रमाणाचे रूळ ९ मिमी.चे. त्यामुळे चाके व चलित्र चांगले असलेल्या एखाद्या स्वस्त एन एंजिनाच्या सांगाड्यावर पुठ्ठ्याचा अथवा पितळी पत्र्याचा साज चढवून शकुंतलेची बरीचशी प्रमाणबद्ध प्रतिकृती करता येते. मूळ गाडी पाहिलेली पिढी आहे तोवर डब्यांची मापे, रंग व छायाचित्रे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. कारण सांगाडा बाजारात मिळतो, पण मूळ गाडीची मापे तेथे मिळत नाहीत.